उजेड खाली धर

सकाळी बिल्डिंगची लाइट गेली आणि तिच्याबरोबर लिफ्टही गेली. आबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, नंबर लावलेला होता, म्हणून जयवंत वडिलांना जिन्यानं उतरवायला निघाला. विरारच्या त्या बिल्डिंगचा जिना म्हणजे भर दिवसा अमावास्या. बिल्डर खिडकी ठेवायची विसरला की त्यानं ती वाचवली, देव जाणे. जयवंत दोन पायऱ्या पुढे होता. मागून आबांचा डावा पाय नेहमीसारखा खरडत येत होता आणि एकदम तो आवाज थांबला. जयवंतनं वळून मोबाइलची बॅटरी लावली आणि सरळ आबांच्या तोंडावर धरली. आबांनी हात वर केला. कोपरात वाकलेला, पंजा बाहेर, बोटं फाकलेली. "खाली धर की रं," ते म्हणाले, "पायरी दिसंना." एवढंच. बॅटरी खाली गेली, पाय पुन्हा खरडू लागला, पहिल्या मजल्यावर कुणाच्या तरी पोह्यांचा वास आला. पण जयवंत अजून त्या हातापाशीच होता. तो हात त्यानं याआधी एकदा पाहिला होता, चाळीस वर्षांपूर्वी, आणि त्या हाताबद्दल तो आजवर कुणाशी एक शब्दही बोलला नव्हता. बायकोशी नाही, आणि ज्यांचा तो हात होता त्यांच्याशी तर नाहीच.

डॉक्टर झाले, थेंब झाले, आबांना घरी बायकोच्या, विनयाच्या ताब्यात देऊन तो वसई पूर्वेला कामावर गेला, तरी तो हात डोळ्यांसमोरून हलेना. जनरेटर आणि दिव्यांचे टॉवर भाड्यानं देणाऱ्या कंपनीत त्याची एकोणीस वर्षं झाली होती. रस्त्याचं काम असो, पुलाचं असो, कुणाचं लग्न असो, टॉवर घेऊन जयवंत जायचा. माणूस कामाला चोख, जरा जास्तच चोख. टॉवरच्या गाडीवर पातळी बघायची एक काचेची डबी असते, तिच्यात हिरव्या पाण्यात एक बुडबुडा. तो बुडबुडा बरोबर मध्यावर येईपर्यंत जयवंत खांबाच्या हँडलला हात लावत नसे, मग समोर आमदार उभा असो की नवरदेव. कंपनीतली पोरं त्याला पाठीमागे बुडबुडाच म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. नियमांनी चालणाऱ्या माणसाकडून कधी कुणाला इजा होत नाही, असं त्यानं स्वतःला फार लहानपणी समजावून ठेवलं होतं. आज दुपारी मालकानं अर्नाळ्याची चिठ्ठी हातात दिली तेव्हा तो जरा कुरकुरला. किनाऱ्यावरच्या दिव्यांची केबल आठवडाभरापूर्वी जळली होती आणि मच्छीमार सोसायटीला संध्याकाळपुरता टॉवर हवा होता. जयवंत माणदेशातला. तिथं पाणी म्हणजे हंड्यात मावतं ते. वीस वर्षं समुद्राच्या इतक्या जवळ राहून तो अंधार पडल्यावर एकदाही किनाऱ्यावर गेला नव्हता. विनया चेष्टा करायची, समुद्र काय चावतो का तुम्हाला? तो हसून न्यायचा. अंधारातलं पाणी त्याला चालत नसे, हे तिला कसं सांगणार?

आगाशीचा बाजार ओलांडून, वाड्यांमधल्या अरुंद रस्त्यानं टॉवरची गाडी मागे ओढत टेम्पो अर्नाळ्याला पोचला तेव्हा पाच वाजून गेले होते. सोसायटीचा सेक्रेटरी हार्दिक वाट बघत उभा होता. तिशीचा, गॉगल डोक्यावर, दोन्ही हातांत दोन मोबाइल. "काका, पटापट लावा हां, आज सीन वेगळा आहे," तो म्हणाला आणि सांगू लागला. बाकीच्या बोटी आल्या होत्या. एक राहिली होती, धनेश तांडेलाची. चारच्या सुमाराला फोन लागला होता तेव्हा कळलं की तिचं सुकाणू तुटलंय, मशीन चालू आहे, वल्ह्यानं दिशा धरत हळूहळू येताहेत. बोटीवर पाच माणसं. ओहोटी लागलेली. किनाऱ्यापासून थोडं आत जुन्या जाळ्यांच्या लाकडी खुंटांची रांग पाण्यात उभी होती, तिच्यात एकच फट, आणि पाणी उतरायच्या आत बोटीला त्या फटीतून यायचं होतं. उशीर झाला तर बोट खुंटांवर बसणार, मग लाटा तिचं काय करतात ते किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत होतं. हार्दिक हे सांगताना हसत होता, पण त्याचा गॉगल दोनदा खाली पडला. जयवंतनं मान डोलावली आणि आधी वर बघितलं. विजेची एक तार सुरूच्या झाडांवरून गेली होती. हार्दिकनं गाडी नेमकी तिच्याखाली लावायला सांगितली, तिथं जमीन कडक होती. "तिथं नाही," जयवंत म्हणाला. "खांब वर गेला की तीस फूट होतो. तार कुठं आणि तो कुठं, बघा." त्यानं तारेपासून पुरतं अंतर सोडून, भरतीच्या खुणेच्या वर जागा धरली. वाळू मऊ होती म्हणून गाडीच्या चारही टेकायच्या पायांखाली जाड फळ्या टाकल्या, चाकांना ठोकळे लावले, पाय बाहेर ओढून टेकवले, जमिनीत अर्थिंगची सळई ठोकली. मग तो गुडघ्यावर बसला आणि बुडबुड्याकडे बघत एकेक पाय तसूतसूनं फिरवू लागला. बुडबुडा जरा उजवीकडे, जरा समुद्राकडे, आणि मग मधोमध. एवढ्या अफाट, हलत्या पाण्याच्या काठावर तो इवलासा बुडबुडा शहाण्या मुलासारखा गप्प उभा राहिलेला पाहून जयवंतला क्षणभर फार बरं वाटलं.

मान वर केली तेव्हा सूर्य गेला होता. पाणी आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसत चालली होती. मघापर्यंत समोर किल्ल्याचं बेट दिसत होतं, आता तिथं नुसता गडद डाग होता. जयवंत उभाच राहिला. त्याला वाटलं, हे कुणी तरी सांगायला हवं होतं, की हे इतकं मोठं असतं. दिवसाचा समुद्र त्यानं पाहिला होता, बायकोमुलीला घेऊन भेळ खाल्ली होती, पण तो समुद्र म्हणजे नुसतं तोंड होतं. हा आता अंग पसरत होता, आणि कुठं संपतो ते दिसत नव्हतं. भीती होती, नाही कशाला म्हणा, पण भीतीहून मोठं काही तरी होतं आणि त्यानं टोपी काढली. देवळात काढतो तशी, नकळत. "पयल्यांदा बगतस काय?" शेजारून आवाज आला. वाळूवर उलट्या टोपलीवर एक म्हातारी बसली होती, काष्टा घातलेली, कानात जड सोनं. ती पुतळाबाई, धनेशची आई, हे हार्दिकनं नंतर सांगितलं. ती समुद्राकडे बघतसुद्धा नव्हती. तोंड किनाऱ्याला समांतर, एक कान पाण्याकडे. जयवंत म्हणाला, "आमच्याकडं नाही पाणी." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "मंग बरा हाय तुमचा. वाट बगायची कटकट नाय." तिच्यामागे पंचवीस-तीस माणसं उभी होती. बायकांच्या हातांत रिकाम्या टोपल्या, पुरुषांच्या हातांत काही नाही.

दिव्यांचा रोख खांब खाली असतानाच ठरवायचा असतो. रस्त्यावर जयवंत चारही दिवे माना खाली घालून लावायचा, म्हणजे समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत प्रकाश जात नाही. पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. पण आज त्यानं हातमोजे घातले आणि चारही दिवे समुद्राकडे वळवून त्यांच्या माना वर केल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण मागे उभ्या माणसांना तेच हवं होतं हे पाठीला कळत होतं, आणि त्यालाही तेच हवं होतं. जितका लांब जाईल तितका उजेड जाऊ दे. समुद्रावर कसला आलाय रस्ता? जनरेटर धडधडला. खांब एकात एक घातलेल्या नळ्यांतून सरसर वर गेला, शेवटची नळी थांबली, खिळा बसला, आणि त्यानं बटण दाबलं. मागे सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. पाणी पांढरं झालं. लाटांच्या कडा, फेस, खुंटांची वाकडी रांग, खुंटांवरचे शिंपले, सगळं काळोखातून ओढून समोर आणल्यासारखं उभं राहिलं. आणि पार लांब, उजेड जिथं विरत होता तिथं, एक ठिपका. "आली," कुणी तरी म्हणालं. एक बाई रडायला लागली. हार्दिकनं जयवंतच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "काका, एक नंबर." जयवंत आपल्या हातमोज्यांकडे बघत राहिला. वाटलं, आपल्या या दोन हातांनी एवढा उजेड केला. एकोणीस वर्षांत असं कधी वाटलं नव्हतं. ठिपक्यावरचा दिवा विझला, लागला, विझला, लागला. लोकांनी हात हलवले. पोरं घरी आल्यावर जसं दार वाजवतात तसं ते वाटलं सगळ्यांना.

पुतळाबाई मात्र उठून उभी राहिली होती. "गप ऱ्हा," ती म्हणाली, आणि सगळे गप्प झाले. ती ऐकत होती. जनरेटरच्या धडधडीतून तिला काय ऐकू येत होतं कोण जाणे. "मशीन हलू केलान त्यानं," ती म्हणाली. "खुंटांपाशी येऊन कोन मशीन हलू करल? ओहोटी लागलेली, सुकानू नाय." मग ती जयवंतकडे वळली. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "भाऊ, तुजा दिवा त्याच्या डोल्यात जातंय. त्याला काय दिसत नाय. आमी बगतो त्याला, तो काय बगंल?" जयवंतनं समोर बघितलं. आता त्यालाही दिसू लागलं होतं. बोट वाकडी होत होती. आणि बोटीच्या पुढच्या टोकावर, त्या पांढऱ्याफटक उजेडात, एक माणूस उभा होता आणि त्यानं हात वर केला होता. कोपरात वाकलेला, पंजा बाहेर. लोकांना वाटलं, तो हात हलवतोय.

चाळीस वर्षं त्यानं ती विहीर झाकून ठेवली होती. आबा तेव्हा पस्तिशीचे, कुणाच्याही विहिरीत उतरायचे. बादली पडली, पंपाचा पाण्यातला फूटव्हॉल्व तुंबला, की लोक आबांना बोलवायचे. विहीर बांधताना भिंतीतून पुढे काढलेले दगड, त्यांच्यावर पाय देत ते पाण्यापर्यंत जात. त्या संध्याकाळी जयवंत अकरा वर्षांचा होता आणि काठावर पालथा पडून बॅटरी धरण्याचं काम त्याचं होतं. "उजेड दगडावर धर, माझ्यावर न्हाई," आबांनी बजावलं होतं. खाली पाणी काळं होतं. आबांचं डोकं, खांदे, मग तेही दिसेनात, नुसता पाण्याचा आवाज. मग तो आवाजही थांबला. अकरा वर्षांच्या पोराला वाटलं, गेले. आबा काही बोलले नाहीत, कदाचित तोंडात पाना धरला असेल. मग दगडावर पाय वाजला, दुसऱ्यावर वाजला, ते वर येत होते, आणि जयवंतला दुसरं काही नको होतं, फक्त त्यांचं तोंड बघायचं होतं. त्यानं बॅटरी दगडावरून काढली आणि तोंडावर धरली. आबांनी हात वर केला. पुढचा दगड त्यांना दिसला नाही. ते पडल्याचा तो आवाज जयवंत आजही कुणाला करून दाखवू शकला नसता. पाय मांडीत मोडला, नीट बसला नाही, आबा पुन्हा विहिरीत उतरले नाहीत. विचारणाऱ्या सगळ्यांना त्यांनी एकच सांगितलं, दगड ओला होता. जयवंतनं तो ओला दगड मुकाट्यानं घेतला आणि त्याच्यावर सगळं आयुष्य बांधलं, चोख, नियमानं, बुडबुडा मध्यावर ठेवून. आणि आज, एवढं सगळं करून, त्यानं पुन्हा तेच केलं होतं.

त्याचा हात बटणावर गेला. "दिवा बंद करतो," तो म्हणाला. "खांब खाली घ्यावा लागेल. रोख बदलतो आणि परत चढवतो." हार्दिक ओरडलाच. "बंद? काका, डोकं ठिकाणावर आहे का? नुसती गाडी वळवा ना. आम्ही धरतो, दहा जण आहोत." चार पुरुष खरोखरच पुढे आले आणि त्यांनी गाडीच्या दांड्याला हात घातला. तीस फूट खांब उभा, खाली वाळू, पाय उचलले की टॉवर या बायकांच्या अंगावर. "हात काढा," जयवंत म्हणाला. "खांब वर असताना गाडीला कुणी शिवायचं नाही. मला पाच मिनिटं द्या." मागून बायकांचा गलका झाला, बंद करू नको रे, बंद करू नको. त्यांची माणसं त्या उजेडात दिसत होती आणि तो ती पुसणार होता. त्याला ते कळत होतं, फार नीट कळत होतं. अंधार केला आणि बोट फुटली तर या लोकांनी आपल्याला जिवंत सोडू नये, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. त्यानं पुतळाबाईकडे बघितलं. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. त्यानं बटण बंद केलं, आणि म्हातारीला ऐकू यावं म्हणून जनरेटरही बंद केला.

आधी काहीच नव्हतं. मग समुद्राचा आवाज आला, तो इतका वेळ कुठं होता कोण जाणे. मग एकेक करून आभाळात तारे उमटले, आणि त्यांच्या खाली पाणी असं काळं नव्हतंच, जस्ताच्या पत्र्यासारखा एक मंद उजेड त्याच्या अंगातच होता. किल्ल्याचं बेट परत जागेवर आलं. सुरूच्या झाडांचे शेंडे आभाळावर रेखले गेले. जयवंत खांबाचं हँडल फिरवत होता, हातांना वाट माहीत होती, आणि डोळे मात्र वर लागले होते. हे एवढं सगळं त्या माणसाला दिसत होतं. रोज दिसत होतं. यावरून तो घरी यायचा. आणि आपण मधे उभं राहून त्याच्या तोंडावर चार दिवे मारले होते. त्याला लाज वाटली आणि त्याच वेळी, काय सांगावं, इतका आनंद वाटला की डोळे भरून आले. लांबून इंजिनाची फटफट येत होती, बारीक, अडखळत. "चढवलान," पुतळाबाई अंधारात म्हणाली. "मशीन चढवलान त्यानं. त्याला दिसला." खांब खाली बसला. दिवे अजून तापलेले होते, मोज्यांतूनही चटका लागत होता. त्यानं चारही दिव्यांच्या पाठी समुद्राकडे केल्या. दोन सुरूच्या झाडांवर, आणि दोन, माना खाली घालून, त्यांच्या पायथ्याच्या वाळूवर. हाताच्या बॅटरीनं, पंज्याआड धरून, बुडबुडा पुन्हा बघितला. वाऱ्याचा जोर वाढला होता म्हणून खांब अर्ध्यावरच ठेवला, खिळा लावला, खिळा दोनदा ओढून बघितला. जनरेटर सुरू केला आणि बटण दाबताना त्यानं म्हातारीला विचारलं, "आई, लावू?" ती म्हणाली, "लाव. झाडां दिसली की झाला, तो झाडांवर येतो."

या वेळी कुणी श्वास सोडला नाही, कारण समोर काहीच उजळलं नाही. उजळली ती त्यांच्या पाठीमागची सुरूची रांग, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, हिरवी, प्रचंड, एखाद्या घराची भिंत दिव्यात यावी तशी. समुद्र काळाच राहिला आणि माणसं काळ्या समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. ही आता त्यांची पाळी होती, काही न दिसण्याची. जयवंतही त्यांच्यात जाऊन उभा राहिला. त्याला बोट दिसत नव्हती. फटफट ऐकू येत होती. ती खुंटांपाशी आली असेल असं वाटलं तेव्हा त्यानं पुतळाबाईच्या तोंडाकडे बघितलं, तिथंच काय ते कळणार होतं. तिचे ओठ मोजल्यासारखे हलत होते. मग ते थांबले. मग ती टोपलीवर परत बसली आणि म्हणाली, "झाला. आत आला." त्यानंतर कितीतरी वेळानं पाण्याच्या कडेला, लाटेबरोबर, एक मोठं काळं नाक वाळूला टेकलं आणि सगळा किनारा त्याच्याकडे धावला.

धनेश तांडेल उतरला तेव्हा कमरेपर्यंत भिजलेला होता. दोन्ही तळहात वल्ह्यानं सोललेले होते. आईनं रिकामी टोपली त्याच्या हातात दिली. मग तो टॉवरपाशी आला. "कोन होता रे तो, दिवा डोल्यात घालनारा?" त्यानं विचारलं. हार्दिक वाळूकडे बघू लागला. जयवंत म्हणाला, "मी." धनेशनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आनि बंद कोनी केला?" "तोही मीच." धनेशनं उजळलेल्या झाडांकडे बघितलं आणि म्हणाला, "आंधला झालो होतो मी. एका बाजूला खुंट, एका बाजूला खुंट, नि मधी तुजा सूर्य. दिवा गेला, आनि माजा गाव जागेवर आला." एवढं बोलून तो मासळी उतरवायला गेला. जयवंत टॉवरच्या गाडीला टेकून उभा राहिला. मागे सुरूची झाडं उजळलेली होती, पुढे माणसं बोटीतून पाट्या उतरवत होती, आणि त्यांच्या पलीकडे तो मोठा अंधार होता तसा होता, कुणावर न रागावलेला. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि घरी लावला. विनयानं उचलला तेव्हा म्हणाला, आबांना दे.

"काय रं," आबा म्हणाले. "जेवलास का?" टीव्हीचा आवाज येत होता. जयवंत म्हणाला, "आबा, ती विहीर आठवते?" पलीकडे टीव्ही बंद झाला, की विनयानं बारीक केला, कळलं नाही. "दगड ओला नव्हता," जयवंत म्हणाला. "बॅटरी मी तुमच्या तोंडावर धरली होती. तुम्ही नको सांगितलं होतं तरी. माझ्यामुळं तुमचा पाय गेला." बोलून झालं. चाळीस वर्षांचं बोलणं, तीन-चार वाक्यांतच संपलं. त्याला पलीकडे आबांचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याला पुतळाबाईसारखा कान असता तर त्या श्वासातून काय ते कळलं असतं, पण नव्हता. तो वाट बघत राहिला.

"मग?" आबा म्हणाले. "कुणाच्या तोंडावर धरणार हुतास? तितं खाली मी एकलाच हुतो." जयवंतनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला. "पडताना बी मला ठावं हुतं," आबा म्हणाले, "पोरगं माझं तोंड बघतंय." मग त्यांनी टीव्ही मोठा करायला सांगितला आणि फोनमध्ये म्हणाले, "ये लवकर. घरात लाइट आली, पर लिफ्ट अजून बंदच हाय. जिन्यात उजेड खाली धर."